बत्तीस चुकीच्या जन्मतारखा

जून महिन्यात छत्रपती संभाजीनगरात दोन गोष्टींची वाट पाहिली जाते: पावसाची आणि सर्व्हरची. दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, नॉन-क्रीमीलेअर यांसाठी सिडकोपासून शहागंजापर्यंत सेतू केंद्रांपुढे रांगा लागलेल्या असतात, आणि साडेअकराच्या सुमारास आतून आवाज येतो, "सर्व्हर डाऊन आहे." या तीन शब्दांची ताकद विलक्षण आहे. "साहेब जेवायला गेलेत" म्हटलं तर माणूस भांडतो. "प्रिंटर बिघडलाय" म्हटलं तर दुसरा कुठेय म्हणून विचारतो. पण सर्व्हर डाऊन म्हटलं की रांगेतला सगळ्यात तापट इसमसुद्धा कागद घडी घालून पिशवीत ठेवतो आणि निमूट चालू लागतो. कुठला सर्व्हर, कुठे डाऊन, कधीपासून डाऊन, असं कुणीही विचारत नाही. माझं म्हणणं असं की हे तीन शब्द अनेकदा चक्क चुकीचे असतात. बोलणारा खोटारडा नसतो, त्याला वरून तेच सांगितलेलं असतं. पण सर्व्हर बिचारा उभा असतो, ठणठणीत असतो. त्याच्याकडे डेटाबेसपर्यंत जायला मोकळं कनेक्शन तेवढं उरलेलं नसतं. आणि ते उरलेलं नसतं याचं मोठं कारण गर्दी हे नाही. घेतलेलं परत न करणं हे आहे. त्यावरचा इलाज नवं यंत्र विकत घेणं हाही नाही. काळ्या पडद्यावर टाइप करायच्या चार-दोन ओळींत तो होतो.

कधी वीज जाते, इंटरनेट जातं, रस्ता खोदताना केबल तुटते, हे सगळं मान्य. तसं असेल तर पानच उघडत नाही. आता "सर्व्हर डाऊन" म्हणवल्या जाणाऱ्या एखाद्या संकेतस्थळाकडे नीट पाहा. मुख्य पान उघडतं. बोधचिन्ह दिसतं. मान्यवरांचे फोटो दिसतात, तेही सगळे, ज्येष्ठतेच्या क्रमाने, हसतमुख. वर सरकती सूचना सरकत असते. फक्त तुम्ही अर्ज क्रमांक टाकून बटण दाबलं की एक गोल चक्र फिरू लागतं आणि फिरतच राहतं. याचा अर्थ उघड आहे. फोटो दाखवायला डेटाबेस लागत नाही, तुमचा दाखला दाखवायला लागतो. सर्व्हर खरोखर पडला असता तर मान्यवरही दिसले नसते. ज्या अर्थी ते हसतायत त्या अर्थी सर्व्हर जिवंत आहे आणि अडचण त्याच्या पाठीमागे आहे. निदानाची याहून स्वस्त पद्धत अजून निघालेली नाही.

पाठीमागे काय असतं? ज्याला अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर म्हणतात तो लोकांकडून मागण्या घेतो आणि डेटाबेसकडून उत्तरं आणून देतो. पण डेटाबेसशी दर वेळी नवं कनेक्शन जोडणं महाग पडतं: आधी दोन्ही यंत्रांनी एकमेकांना हाक देऊन ओ घ्यायची, मग नाव आणि पासवर्ड तपासायचा, मग पोस्टग्रेससारख्या डेटाबेसने त्या एका पाहुण्यासाठी स्वतंत्र प्रोसेस उभी करायची. दोन ओळींचं उत्तर आणायला एवढा सोपस्कार नको म्हणून काही कनेक्शनं आधीच जोडून ठेवतात. मागणी आली की त्यातलं एक द्यायचं, काम झालं की परत घ्यायचं. याला कनेक्शन पूल म्हणतात, आणि हा प्रकार समजावून सांगायला या शहराइतकं योग्य शहर नाही. मलिक अंबरने 1610 साली खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली आणि पुढे नहर-ए-अंबरीने डोंगराकडचं पाणी जमिनीखालून गावात आणलं. पाणचक्कीच्या हौदात आजही लोक वाकून पाहतात, ती चक्की 1744 ची. हौदाचं तत्त्व इथल्या लोकांच्या हाडीमासी खिळलेलं आहे. हल्लीच्या काळात नाथसागराचं पाणी काही दिवसांआड नळाला येतं, तेव्हा नळाला थेट मोटार लावून गल्लीतलं सगळं पाणी एकट्याने ओढणारा इसम कोण, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पाणी आलं नाही म्हणून "धरण डाऊन आहे" असं इथे कुणी म्हणत नाही. मोटारवाल्याचं नाव घेतात. सर्व्हरच्या बाबतीत मात्र हेच चतुर लोक सरळ धरणावर आळ घेऊन मोकळे होतात. एक फरक मान्य करायला हवा. पाणी वापरलं की संपतं, त्यामुळे मोटारवाल्याकडे निदान तहानेची सबब आहे. कनेक्शन वापरून झिजतसुद्धा नाही. ते परत न करणाऱ्या प्रोग्रामला कसलीही सबब नाही.

आता आकडे पाहू. ग्लासफिश नावाच्या प्रसिद्ध अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरमध्ये तुम्ही काहीच ठरवलं नाही तर पूल आठ कनेक्शनांनी सुरू होतो, गरजेप्रमाणे दोन-दोनने वाढतो आणि बत्तीसवर थांबतो. तेहतिसावी मागणी आली तर ती साठ हजार मिलिसेकंद, म्हणजे एक मिनिट, वाट पाहते आणि मग चूक नोंदवून परत जाते. नागरिकासाठी 2015 चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे, त्यात ठरावीक मुदत आहे, पहिलं अपील आहे, दुसरं अपील आहे. तेहतिसाव्या मागणीला अपील नाही. पण ती जाताना जे लिहून जाते ते वाचण्यासारखं असतं: वापरातली कनेक्शनं कमाल संख्येइतकी झाली, वाट पाहण्याची मुदत संपली, आणखी कनेक्शन देता येत नाही. इतकं स्वच्छ, इतकं नेमकं निवेदन कुठल्याही कार्यालयात मिळणार नाही. हे निवेदन लॉग नावाच्या फायलीत पडतं. ती फाईल ज्याने वाचायची तो "डेटाबेसला काहीतरी झालंय" म्हणून वर कळवतो. वरचा "तांत्रिक अडचण" म्हणून पुढे कळवतो. खिडकीपर्यंत येईस्तोवर त्याचं "सर्व्हर डाऊन" झालेलं असतं. यंत्राने खरं सांगितलं, माणसांनी त्याचं आटोपशीर खोटं केलं.

बत्तीस ही संख्या फारच कमी आहे, असं इथे कुणालाही वाटेल. जिल्हाभरातून लोक तुटून पडलेत आणि तुम्ही बत्तीस कनेक्शनांवर गाडा हाकताय? या आक्षेपाला 1961 साली जॉन लिटल या अमेरिकन अभ्यासकाने सिद्ध केलेला रांगांचा एक नियम उत्तर देतो. नियम इतका सोपा आहे की तो सिद्ध करायची गरज का पडली असं वाटावं: एका वेळी आत असलेल्यांची संख्या म्हणजे दर सेकंदाला येणारे गुणिले प्रत्येकाला आत लागणारा वेळ. दर सेकंदाला शंभर मागण्या आल्या आणि प्रत्येकीने कनेक्शन पन्नास मिलिसेकंद वापरलं, तर एका वेळी लागतात सरासरी पाच कनेक्शनं. पाच! उरलेली सत्तावीस माश्या मारत बसतील. म्हणजे एवढ्या गर्दीने पूल भरत नाही. मग तो भरतो कशाने? समजा त्या शंभरांतल्या एका अर्जदाराने जन्मतारखेच्या रकान्यात 31 जून टाकली. डेटाबेस म्हणाला, अशी तारीख नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याने सगळं सुरळीत झालं तर कनेक्शन परत करायची ओळ लिहिली होती. चूक झाली तर काय, हे लिहायचं राहून गेलं. चूक होताच प्रोग्राम त्या ओळीपर्यंत पोचलाच नाही आणि ते कनेक्शन कायमचं बाहेर राहिलं. सेकंदाला असं एक गेलं की बत्तीस सेकंदांत पूल कोरडा. बत्तीस चुकीच्या जन्मतारखा जिल्ह्याचे दाखले थांबवू शकतात, आणि जून महिन्यात बत्तीस चुकीच्या जन्मतारखा पहिल्या चहाआधी जमतात. (दोष तारीख चुकवणाऱ्याचा नाही, हे लिहून ठेवलेलं बरं, नाहीतर उद्या अर्जाखाली हमीपत्र जोडावं लागेल.)

यावर जाणकार म्हणेल की ग्लासफिशमध्ये रिकामी पडलेली कनेक्शनं तीनशे सेकंदांनी आपोआप मिटतात, मग गळालेलंही मिटेलच की. मिटत नाही. हे तीनशे सेकंद हौदात नुसत्या बसून राहिलेल्यांसाठी आहेत. गळालेलं कनेक्शन वहीत "वापरात" म्हणून लिहिलेलं असतं. ते काही करत नाही, कुणाच्या कामाचं नाही, पण कागदोपत्री कामावर आहे. त्याला हात लावायचा अधिकार कुणालाच नाही. असे प्रकार फक्त संगणकात घडतात असा माझा दावा नाही.

मग कमाल संख्या वाढवा ना, हा सर्वात लोकप्रिय उपाय. बत्तीसचे तीनशे करा. गळती तशीच असेल तर याने बत्तीस सेकंदांऐवजी पाच मिनिटं मिळतील, तेवढ्यात चहा होईल. पण नुकसान वेगळंच आहे. पलीकडच्या डेटाबेसलाही आपली मर्यादा असते. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा शंभर, मायएसक्यूएलची एकशे एक्कावन्न. चार अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर, प्रत्येकाचे बत्तीस, म्हणजे एकशे अठ्ठावीस. पोस्टग्रेस मध्येच हात जोडतो. त्याचा चूक कळवणारा संदेश "सॉरी"ने सुरू होतो: माफ करा, आधीच फार गिऱ्हाइकं झालीत. जगातल्या सॉफ्टवेअरमध्ये इतका सुसंस्कृत नकार दुसरा नसेल. त्यातही शेवटच्या तीन जागा तो सुपरयूझरसाठी, म्हणजे सर्वाधिकारी प्रशासकासाठी, राखून ठेवतो आणि मायएसक्यूएल आपल्या मर्यादेच्या वर एक जागा जास्तीची ठेवतो, म्हणजे सगळं तुंबलं तरी निस्तरणारा आत शिरू शकेल. व्यवस्था उत्तम. पण परवानग्यांची कटकट नको म्हणून कित्येक ठिकाणी रोजचा प्रोग्रामच सुपरयूझरच्या नावाने चालवतात. मग राखीव जागाही 31 जूनवाल्यांनीच भरतात आणि निस्तरणारा बाहेर उभा राहून सॉरी वाचतो. शिवाय जास्त कनेक्शनं म्हणजे जास्त वेग, हाच मुळात भ्रम आहे. डेटाबेसच्या यंत्राला जेवढे प्रोसेसर तेवढीच कामं तो खरोखर एका वेळी करतो. बाकीची एकमेकांच्या पायांत पाय घालतात. ओरॅकलच्या तज्ज्ञांनी एका प्रात्यक्षिकात पूल हजारोंवरून शंभराच्या आत आणला, बाकी काहीही बदललं नाही, आणि उत्तराचा वेळ सुमारे शंभर मिलिसेकंदांवरून दोनच्या आसपास आला. कमी माणसं आत सोडली आणि काम पन्नासपट वेगाने झालं. हा निष्कर्ष कुठल्याही विभागाच्या पदभरतीला लावू नये, एवढी विनंती.

दुसरा उपाय राष्ट्रीय आहे: बंद करून पुन्हा चालू करा. यावर टीका करणं जड जातं, कारण तो खरोखर लागू पडतो. रीस्टार्टने सगळी कनेक्शनं तुटतात, पूल नव्याने भरतो, खिडकीवर "झाला चालू!" असा जल्लोष होतो. आक्षेप एवढाच की रीस्टार्ट पुरावा नष्ट करतो. कुणी घेतलं, कधी घेतलं, कुठल्या ओळीवर अडकलं, ही सगळी माहिती त्या क्षणी यंत्राच्या स्मृतीत हजर असते. बटण दाबलं की पंचनाम्याआधीच जागा धुऊन टाकली. शिवाय त्या सर्व्हरवर जे दुसरे चार प्रोग्राम गुण्यागोविंदाने चालले होते, तेही विनाकारण खाली येतात. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. मग सोमवारी सकाळी रीस्टार्ट करायचा हा रिवाज होतो, रिवाजाचं परिपत्रक होतं, आणि मूळ चूक सुखाने सेवानिवृत्तीपर्यंत पोचते.

ग्लासफिशमध्ये याऐवजी कमांड लाइनवरून, म्हणजे त्या काळ्या पडद्यावरून, चालणारं एएसअ‍ॅडमिन नावाचं साधन आहे. त्याच्या आज्ञा बोलीभाषेइतक्या सरळ आहेत. लिस्ट म्हटलं की कोणकोणते पूल आहेत ते सांगतं. पिंग-कनेक्शन-पूल म्हटलं की डेटाबेसपर्यंतचा रस्ता धड आहे का ते पाहून येतं. देखरेख चालू ठेवली असेल तर किती कनेक्शनं वापरात, किती रिकामी आणि किती गळाली असावीत, हे आकडे मिळतात. आणि फ्लश-कनेक्शन-पूल म्हटलं की फक्त त्या एका पूलमधली कनेक्शनं मोडून नवी जोडली जातात. शेजारच्या प्रोग्रामला खबरही लागत नाही. फ्लशही निर्दोष नाही. ज्याचं काम त्या क्षणी अर्ध्यावर होतं त्याला ते पुन्हा करावं लागतं. वाइल्डफ्लाय या दुसऱ्या सर्व्हरच्या कमांड लाइनवर त्यासाठी तीन-चार प्रकारची सभ्यता उपलब्ध आहे: फक्त रिकामी बसलेली मोडा, चालू काम संपेपर्यंत थांबून मोडा, किंवा सरसकट मोडा. आपल्याकडे अतिक्रमण हटवतानाही एवढे पर्याय देत नाहीत.

इथे उंदीरप्रेमी उठून उभे राहतात. हे सगळं माउसनेही होतं की! सुबक रंगीत पडदा आहे, बटणं आहेत, गोल हिरवा झाला की काम झालं. मग 1970 सालच्या वेशात काळ्या पडद्यावर टाइप कशाला करायचं? होतं, नाकारत नाही. पण क्लिकने केलेलं काम हा तोंडी आदेश आहे. कुणी, काय, कुठल्या क्रमाने केलं, हे दुसऱ्या दिवशी ज्याने केलं त्यालाही आठवत नाही. टाइप केलेली आज्ञा फायलीत ठेवता येते, दुसऱ्याकडून तपासून घेता येते, चाचणीच्या यंत्रावर चालवून मग तशीच खऱ्या यंत्रावर चालवता येते, आणि चिकलठाण्याहून मुंबईच्या यंत्रावर, मोबाईलच्या रडतखडत नेटवरूनही पाठवता येते. तेवढ्या नेटवर रंगीत पडदा अर्धाच रंगतो. सरकारी कामकाजाची शंभर वर्षांची शिकवण आहे की जे असेल ते लेखी द्या. ती शिकवण जिथे खरोखर उपयोगी पडली असती, नेमक्या तिथेच आपण क्लिक करत सुटलो.

कमांड लाइनचे तोटे लपवण्यात अर्थ नाही. पहिला, ती जे सांगितलं तेच करते, जे म्हणायचं होतं ते नाही. पूल काढून टाकायच्या आज्ञेला कॅस्केड हा शब्द जोडला की त्यावर अवलंबून असलेली संसाधनंही सोबत जातात, आणि "नक्की ना?" असं मायेने विचारणारी खिडकी मधे येत नाही. दुसरा, पासवर्ड त्याच ओळीत टाइप केला तर तो शेलच्या इतिहासात राहतो आणि पुढच्याने वरचा बाण दाबला की दर्शन देतो. त्यासाठी पासवर्डची वेगळी फाईल द्यायची किंवा पासवर्डला टोपणनाव द्यायची सोय आहे. ती न वापरणं हा कमांड लाइनचा दोष नव्हे. तिसरा तोटा खरा छळवादी आहे. ग्लासफिशच्या पूलला डेटाबेसचा पत्ता देताना त्यातल्या प्रत्येक कोलनच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते, कारण कोलन हे त्याने स्वतःसाठी राखून ठेवलंय. ही रेघ विसरल्याने वाया गेलेल्या संध्याकाळी कुणी मोजल्या नाहीत, ते बरंच.

कमांड लाइनच्या आणखी एका सोयीचा, नावाचा, मुद्दा जाता जाता. प्रोग्रामने पूलला थेट हाक मारायची नसते. मधे एक ठरलेलं नाव असतं, प्रोग्राम ते नाव घेतो आणि ते नाव आज कुठल्या डेटाबेसकडे जातं हे कमांड लाइनवरून ठरतं. ही चैन वाटते, पण या शहरात वाटू नये. शहराचं नाव 2023 मध्ये बदललं, रेल्वे स्थानकाचा कोड 2025 मध्ये एडब्ल्यूबीचा सीपीएसएन झाला, विमानतळाचा तीन अक्षरी कोड मात्र आयएक्सयूच राहिला, आणि जीपीओचा पिन 431001 हलला नाही. ज्याने शहराचं नाव प्रोग्रामच्या पोटात चारशे ठिकाणी लिहून ठेवलं असेल त्याने चारशे ठिकाणी शोधत बसावं. ज्याने मधे नाव ठेवलं त्याला एक आज्ञा पुरते.

शेवटचा आक्षेप तरुणांचा असतो: काका, हे सगळं जुनं झालं, आता सगळं क्लाउडवर आहे, गर्दी वाढली की आपोआप नवी यंत्रं उभी राहतात. राहतात ना. आणि प्रत्येक नवं यंत्र आपला नवा पूल घेऊन त्याच एका डेटाबेसच्या दारात उभं राहतं. पूर्वी चार यंत्रं मिळून डेटाबेसला गुदमरवत होती, आता चाळीस गुदमरवतात, तेही कुणाला न विचारता, रात्री दोन वाजता. ही झुंबड आवरण्यासाठी पीजीबाउन्सर नावाचा वेगळा दारवान उभा करावा लागतो, जो मुळात स्काइपच्या अभियंत्यांनी लिहिला. क्लाउडने आणली ती झुंबड. गळती घरचीच होती.

राहता राहिले प्रोग्राम लिहिणारे. जावा भाषेच्या सातव्या आवृत्तीने 2011 सालीच अशी रचना दिली की काम सुरळीत झालं काय किंवा 31 जून आली काय, कनेक्शन आपसूक परत जातं. त्यानंतर एवढी वर्षं लोटली, तरी त्याआधीचा नमुना एका प्रकल्पातून दुसऱ्या प्रकल्पात, वडिलोपार्जित लोणच्याच्या बरणीसारखा, जसाच्या तसा फिरतो आहे. त्यामुळे चिकलठाणा आणि वाळूजच्या कार्यालयांत बसून असे सर्व्हर सांभाळणाऱ्या मंडळींना एकच विनंती. गळालेलं कनेक्शन कुणाच्या हातून गळालं, कुठल्या ओळीवर गळालं, हे लॉगमध्ये लिहून देणारी सोय ग्लासफिशमध्ये आहे, हिकारीसीपी या पूल सांभाळणाऱ्या लायब्ररीतही आहे, आणि दोन्हीकडे तिचं मूळ मूल्य शून्य आहे, म्हणजे ती बंद असते. ग्लासफिशमध्ये ती एएसअ‍ॅडमिनच्या एका सेट आज्ञेने चालू होते. साठ सेकंद ठेवा. मे महिन्यातच ठेवा.